दहाव्याला दिलेला शब्द

(मार्गासनी. गुंजवणीचा घाट. ठकुबाईंचा दहावा उरकलाय, माणसं वर मांडवाकडे निघालीत. खालच्या पायरीवर ठकुबाईंची मुलगी नूतन आणि ठकुबाईंचा भाऊ हनुमंत.)

मामा : आता तोंड का वाकडं? कावळा शिवला का न्हाई?

नूतन : शिवला.

मामा : मग? समदी उन्हात ताटकळली हुती. भटजीबी म्हनाय लागलं, दर्भाचा कावळा करू या आन् मोकळं हू. म्या म्होरं झालो म्हनून आला त्यो.

नूतन : तुम्ही पुढे झालात तशी बाकीची माणसं मागे सरकली. माणसं लांब गेली की कावळा भाताला येतोच, मामा.

मामा : न्हाई. म्या बोललो तवाच आला. "आक्के, काळजी करू नगं, माजी सोनिया तुज्या कुमारला देतो" म्हनलं, आन् हे असा खाली उतरला बघ. आख्ख्या गावानं बघितलं.

नूतन : गावानं बघावं म्हणूनच बोललात तुम्ही.

मामा : आगं, भाच्याला मामाची पोरगी. हक्क हाय त्येचा. इतकी वर्सं पोराला कुनी दारात हुबं केलं न्हाई. आता तुला आनंद व्हायला पायजे.

नूतन : मला किळस येतेय.

मामा : कशाची?

नूतन : आईच्या पिंडासमोर उभं राहून तुम्ही पोरीचा सौदा केलात, त्याची. ज्या आजारानं आई गेली तोच या दोघांच्या रक्तात असेल हे माहीत असून. आणि वर हात जोडून रडलात, त्याची तर जास्तच.

मामा : रडू खरं हुतं.

नूतन : असेल. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर आईच्या फोटोपेक्षा तुमचा फोटो मोठा आहे, तोही खराच आहे.

मामा : ते पोरांनी छापलं. म्या काय मोजून दिला व्हता?

नूतन : चार वर्षांपूर्वी तुमच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं होतं मी. पुण्याच्या डॉक्टरांनी आईचं रक्त तपासलं, हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार निघाला. आईचा नाही नुसता, घराण्याचा. तुमच्या वडिलांपासून, गेनूतात्यांपासून आलेला. तुम्हीही तपासून घ्या म्हटलं होतं.

मामा : त्या इंग्रजी नावाचं काय सांगू नगं. आमच्या तात्याला वात हुता.

नूतन : वातानं माणूस चालता-बोलता नाचायला लागतो? जेवताना घास गालात फिरतो आणि गळ्याखाली उतरत नाही? शेवटी तात्यांना गोठ्यात दाव्यानं बांधून ठेवलं होतं ना?

मामा : पडू ने म्हनून बांधलं. दोनदा चुलीवर पडला हुता त्यो. आन् तुला काय सांगायचं? भरवत म्याच हुतो त्येला. बारकं पोर हुतो. दुधात भाकरी कुस्करायची, बोटानं आत सारायची, आन् नरड्यावरनं हात फिरवत बसायचं. म्हशीला घास गिळाय लागंल त्येच्याहून जास्त येळ.

नूतन : म्हणजे तुम्हाला आईचं पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

मामा : (खालच्या आवाजात) कळलं हुतं.

नूतन : मग तुम्हीच आमच्या वडिलांना, अण्णांना सांगितलंत, ती पिते म्हणून. अण्णा मरताना मला बोलले होते. "हनुमंत म्हणाला, कुठं घेते का बघा."

मामा : काय सांगाय पायजे हुतं? तुमच्या सासऱ्याचंबी असंच हुतं, असं? तुमी दोघं पदरात. त्यानं दुसऱ्या दिवशी तिला आमच्या दारात आनून सोडली असती. दारू सुटती, पोरी. रगतातलं बी सुटत न्हाई.

नूतन : अण्णा घरभर बाटल्या शोधायचे. भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून. मी आणि कुमार दारात उभे. सापडली नाही की मारायचे, लपवलीस कुठं म्हणून. एकदा जरी बाटली सापडली असती ना, तर बरं झालं असतं, मार कमी बसला असता.

मामा : मारत्यात ते मला काय म्हाईत?

नूतन : माहीत होतं. तुम्ही भाऊबीजेला यायचात. तिच्या डोळ्याखालचं बघून खाली मान घालून करंज्या खायचात. पारगावच्या लग्नात तिला पंगतीतून उठवलं, तेव्हा तुम्ही वाढायला होतात. वडापच्या जीपवाल्यानं फाट्यावर उतरवलं, "बाई टाइट हाय" म्हणून, ती चालत आली घरी, तशी पडत-झडत. गावातली पोरं मागून तिच्यासारखी चालायची. तिनं आयुष्यात एक थेंब घेतला नाही. आणि आज तुम्ही तिच्या दहाव्याला पिऊन आलात.

मामा : दुःखाचा दिस. मानूस घेतो थोडी.

नूतन : इथपर्यंत वास येतोय.

सोनिया : (वरून पायऱ्या उतरत) आबा, वर महाराजांचं प्रवचन संपलं. पंगत बसायचीय. तुम्हाला शोधतायत.

मामा : येतो म्हन. जा तू.

सोनिया : नाही जात. ताई, वर बायका मला काय म्हणतायत ऐकलंस का? एक जण म्हणाली, "आता दहाव्यालाच उखाणा घे, तेराव्याला हळद लावू." खिदळल्या सगळ्या. मी रडत होते, त्यांना वाटलं लाजते.

नूतन : तुला आधी विचारलं होतं यांनी?

सोनिया : मी पायरीवर उभी होते. सगळ्यांबरोबरच ऐकलं. मला वाटलं, आबा दुसऱ्याच कुठल्या सोनियाबद्दल बोलतायत.

मामा : बाप देतो तवा इच्चारत न्हाई कुनी.

सोनिया : थोरल्या दोघी बहिणींच्या वेळी विचारलंत की. मधलीला तर तीन स्थळं दाखवली. मी शिरवळला कंपनीत जाते, माझा पगार घरात चालतो, आणि मला मात्र कावळ्याला दिलीत.

नूतन : सोने, मामा आत्ता शुद्धीत नाहीत. उद्या बोलू आपण.

सोनिया : शुद्धीत नाहीत? का?

नूतन : प्यायलेत.

सोनिया : कोण, आबा? आबा पीत नाहीत गं.

मामा : सोने, गप!

सोनिया : दारूची नुसती चूळ भरतात. बाहेर निघायच्या आधी मोरीत जातात, चूळ भरतात, थोडी शर्टाला चोळतात. आईला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. एक क्वार्टर महिना-महिना पुरते. एवढा स्वस्तातला दारुडा सगळ्या वेल्हे तालुक्यात नाही मिळायचा.

नूतन : मामा? हात पुढे करा. डावा. नाही, मुठीत नका धरू, सोडा.

मामा : काय बघतीस? थंडीनं.

नूतन : उन्हात उभे आहात. पेटी वाजवल्यासारखी चाललीत बोटं. आईचं असंच सुरू झालं होतं. कधीपासून?

मामा : दोन-तीन वर्सं. रातीला निजलं की ऱ्हातंय. जागा झालो की हायेच.

नूतन : आणि ते झाकायला दारूचा वास.

मामा : गडी मानूस डुलला तर लोक म्हनत्यात, घेतली आसंल. सोडून देत्यात. दुखनं म्हनलं की प्रश्न. बापाला हुतं का? पोरींना व्हनार का? मधली ह्याच वासावर उजवली म्या. व्याही म्हनलं, सासरा पितो, पर पोरगी चांगली हाय.

सोनिया : त्या दोघींना माहितीय हे?

मामा : कशाला सांगू? चांगल्या नांदत्यात की. पोरंबाळं हायेत. त्येंच्यात काय न्हाई.

नूतन : काय नाही हे तुम्हाला कसं कळलं?

मामा : दिसतंय की. आता वाटनी कुठं आलीया ती म्हाईत हाय मला.

नूतन : कसली वाटणी?

मामा : तूच म्हनली हुतीस. डॉक्टर म्हनला, निम्म्याला येतंय. आमी दोघं भावंडं. आक्काला आलं, म्या म्हनलं, चला, माजी सुटका. पर माजी बोटं हालाय लागली. तवा समाजलं, पयलं पोर गेलेलं हुतं, आक्काच्या आधीचं. तान्हंच गेलं. म्हंजी आमी तिघं. तिघांत दोन. आता तुमचं बघ, तू तपासलंस, तुज्यात न्हाई. मग कुमारचं ठरलं. आन् माज्या तिघीत थोरल्या दोघी धडधाकट. मग ऱ्हाइली ही.

सोनिया : म्हणजे मला?

मामा : रडू नगं. म्हनूनच तर कुमारला दिली. आता तू परक्या घरात गेलीस, आन् चाळिशीला हातपाय हालाय लागलं, तर ती मानसं काय करतील? दारूडी म्हनतील. दाव्यानं बांधतील. आन् एक चांगलं घर नासंल ते येगळंच. भातात भेसळीचं बी निघालं तर आपन काय करतो? समद्या वावरांत इसकटत न्हाई. एका कोपऱ्यात टाकतो. कुमारचं तसं, हिचं तसं. एका घरात दोघं. दुसऱ्या कुनाचं वाटोळं न्हाई.

नूतन : आणि त्यांची पोरं?

मामा : पोरं न्हाई हू द्यायची. आपरेशन करायचं.

नूतन : आणि दोघांचेही हात हलायला लागले, की कोण कोणाला भरवणार?

मामा : तू हाइस की.

नूतन : काय म्हणालात?

मामा : तुज्यात न्हाई न्हवं. लगीनबी केलं न्हाईस. भोरला कालिजात पुस्तकं देती-घेती, त्यात किती काम? आक्काला केलंस की सहा-सात वर्सं. तुला सवं हाय. मऊ भात, पातळ वरन, सगळं येतंय तुला. म्या इच्चार केलाय ह्याचा, पोरी. म्या रातभर इच्चार करतो.

नूतन : आईला ठसका लागायचा तेव्हा तोंडातला घास माझ्या तोंडावर यायचा. रोज. दोन्ही वेळा. मी ते पुसून पुढचा घास करायची, आणि तोंड फिरवून एकदाही "शी" म्हटलं नाही. तेव्हा किळस आली नाही मला. आत्ता आली. बाजूला व्हा जरा, पाण्यापर्यंत जाऊ द्या मला.

सोनिया : ताई, बस. बस इथं. पाणी घे.

मामा : म्या वाईट सांगितलं का? सोय सांगितली.

नूतन : सोय. तुमच्या तिघी पोरींपैकी एकीचा आणि माझ्या भावाचा बळी ठरवलात, वर मला दायी नेमलीत, आणि सगळ्याला आईची सही घेतलीत कावळ्याकडून.

मामा : मग डॉक्टर काय खोटं म्हनला? निम्म्याला म्हनला न्हवं?

नूतन : निम्म्याला नाही म्हणाला. प्रत्येकाला निम्मी शक्यता म्हणाला. हे वावर नाही, मामा. एक तुकडा नूतनला, एक कुमारला, असं नसतं. कुमारही हेच धरून बसलाय. माझ्यात नाही कळल्यावर महिनाभर बोलला नाही माझ्याशी. "तू सुटलीस म्हणजे मी अडकलो." म्हणून तर आज मुंडकं भादरून तिथं उभा राहिला आणि तुम्ही बोललात तशी मान डोलावली. त्याला वाटतं आता कसंही झालं तरी चालतंय.

मामा : मग कसं असतंय?

नूतन : प्रत्येक पेशीत आईकडून एक दोरा येतो, वडिलांकडून एक. त्या दोऱ्यांवर शरीर कसं चालवायचं ते लिहिलेलं असतं. भजनात एखादी ओळ टाळकरी घोळवतो ना, तसे त्यात काही शब्द घोळवलेले असतात. आपल्या घरातल्या एका दोऱ्यावर ती ओळ घोळवायची थांबतच नाही. मग पुढचं भजन बिघडतं. तात्यांकडे एक असा दोरा होता आणि एक चांगला. पोर होताना दोनातला एक जातो. दुसरं पोर होताना पुन्हा दोनातला एक. आधीच्या पोराला काय गेलं ते त्या दोऱ्याला ठाऊक नसतं.

मामा : पर कुटं तरी हिसाब बसतोच की. एकदा हिकडं, एकदा तिकडं.

सोनिया : नाही बसत, आबा.

मामा : तुला काय कळतंय?

सोनिया : मला बारावीला होतं हे. आणि नसतं तरी कळलं असतं. तुम्हाला पहिली मुलगी झाली, दुसरी मुलगी झाली. मग तुम्ही काय म्हणालात? आई सांगते अजून. "आता तिसऱ्याला मुलगाच. हिसाबच हाय." पेढे आधीच आणून ठेवले होते म्हणे. मग झाले मी.

मामा : व्हय.

सोनिया : पेढे परत केले की वाटले?

मामा : वाटलं. फुकट कशाला घालवायचं?

नूतन : कळलं का, मामा? तिघींनाही असेल. तिघींनाही नसेल. कुमारला नसेलही. भातातली भेसळ तरी लोंबी आली की उंच दिसते, उपटून टाकता येते. इथं चाळिशीपर्यंत काही दिसत नाही. तुम्ही न बघता उपटायला निघालात.

सोनिया : ताई, मी तपासलं तर कळेल?

नूतन : कळेल. पण तुझ्या आधी यांचं. यांच्यात तो दोरा नसेल, तर तुम्हा तिघींत असूच शकत नाही. एका माणसाच्या रक्तात तुम्हा तिघींचं उत्तर आहे. बोटं बघून मला काय वाटतं ते मी नाही सांगणार. आणि यांच्यात निघाला तरी तू लगेच तपासायलाच पाहिजे असं नाही. डॉक्टर आधी बोलतात, विचारतात, वेळ देतात. जाणून घ्यायचं की नाही, ते तुझं तू ठरवशील. लग्नही.

सोनिया : म्हणजे चार वर्षांपूर्वीच, तू सांगून गेलीस तेव्हाच आबांनी रक्त दिलं असतं तर...

नूतन : तर मधलीच्या लग्नाआधी कळलं असतं. रक्त द्यायला नको म्हणून यांनी पोरी दिल्या.

मामा : सुई टोचायची भीती न्हाई मला. तात्याला भरवलाय म्या. म्या बघितलंय म्होरं काय हाय ते. कागदावर आलं की मग कसं जगायचं मानसानं? आता निदान रातीचं म्हनता येतं, नसंल.

नूतन : आई तसंच म्हणायची. पण तिनं ऐकल्यावर काय केलं सांगू? डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, तुमचा काही दोष नाही. ती तिथंच मला म्हणाली, "डाक्टरला म्हन, आमच्या गावात येऊन सांगा. म्या पीत न्हवते म्हनून." दुसरं काही मागितलं नाही. तुम्हाला तिची इच्छाच पुरी करायची होती ना, मामा? ही होती. वर दीडेकशे माणसं बसलीत. जा, सांगा.

मामा : आता मेलेल्या मानसाला काय त्येचं?

नूतन : मघाशी मेलेल्या माणसाला शब्द दिलात ते तुम्हीच ना?

मामा : पंगतीत कसं बोलायचं असलं? व्याही बसल्यात दोन्ही. थोरलीची सासू बसलीय. पोरींचं काय व्हईल?

सोनिया : मी सांगते.

मामा : सोने!

सोनिया : थोरल्या दोघींचं नाही काढत. ते त्यांना आधी घरात बसवून सांगायचं, तुम्ही सांगायचं. पण माझं मी मोडते. कुमारदादाला बाजूला घेऊन सांगते, तुझं काही ठरलेलं नाही, आणि माझंही नाही. आणि माईक अजून चालू आहे तोवर म्हणते, माझी आत्या दारू पीत नव्हती. तिला मेंदूचा आजार होता. झालं.

मामा : आन् माजं?

सोनिया : तुमचं तुम्ही बघा, आबा. पण आजपासून ती चूळ मोरीत भरायची नाही. आम्ही तिथं भांडी घासतो.

नूतन : सोने, एकटी जाऊ नकोस. मी येते.

सोनिया : नको. तू आलीस तर म्हणतील, नूतननं शिकवून पाठवली. थांब तू आत्याच्या पिंडाजवळ.

मामा : गेली. खरंच बोलंल का गं ती?

नूतन : बोलेल.

मामा : तुज्या आईगत हाय. आक्कागत. म्हंजी, आक्का आधी होती तशी. लगीन व्हायच्या आधी जत्रंत माईक घ्यायची हातात.

नूतन : मला नका सांगू आईचं काही. तुमच्या तोंडून नको.

मामा : ऐकाया येतंय का हितं?

नूतन : हो. नावच घेतलं तिनं पहिल्यांदा. "ठकुबाई."

मामा : समदी गप झाली.

नूतन : हो.

मामा : नूतन.

नूतन : काय?

मामा : ते रगत द्यायला उपाशी यावं लागतं का?

नूतन : नाही. जेवून या.

मामा : तू येशील न्हवं संगं? मला ते डाक्टरचं काय कळायचं न्हाई.

नूतन : येईन. पण तुमच्या शेजारी बसणं जमायचं नाही मला.